पाठमोरा सुतार

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त गृहस्थ गेली चार वर्षे हिवाळ्याचे पाच महिने कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आपल्या मुलाकडे काढीत आहेत. आपल्याकडची माणसे मुलांकडे जातात ती तिकडचा उन्हाळा गाठून. हे मात्र बर्फ पडण्याच्या सुमारास निघतात, कारण मुलगा आणि सून दोघेही इस्पितळात पाळीने काम करतात आणि नातवाला शाळेतून आणायला कोणी तरी लागते. दुपारपर्यंतचा वेळ मोकळा. त्या मोकळ्या वेळात स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून परसातील सुतार पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याचा नाद त्यांना लागला. त्यांपैकी ३२ चित्रे मागच्या सणाला आमच्या सभागृहात मांडली होती. लोकांनी ती दोन दोनदा पाहिली, आणि आता त्यांचे एक छोटे पुस्तक काढावे असे ठरले आहे. प्रस्तावना आम्ही लिहावी असा आग्रह झाला.

प्रस्तावना लिहिणे सोपे असते. चार गोड शब्द लिहावेत, सृष्टीच्या सौंदर्याविषयी एक परिच्छेद जोडावा आणि मोकळे व्हावे. पण चित्रे घेऊन बसलो तेव्हा प्रस्तावनेऐवजी परीक्षण लिहिण्याची इच्छा झाली. तसे आम्ही त्या गृहस्थांना कळवले. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी होकार दिला आणि वर म्हणाले, "फादर, खरे ते लिहा, पण आधी पेटी बघा." ती पेटी म्हणजे बुटांचा एक जुना पुठ्ठ्याचा खोका. त्यात प्रदर्शनात न लावलेली सुमारे चारशे लहान चित्रे होती. त्यांनी टाकून दिलेली, पण फेकून न दिलेली. हे परीक्षण त्या ३२ चित्रांचे आहे तितकेच त्या खोक्याचेही आहे.

ज्यांनी तो देश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यायला हवी. तिकडे घरामागील अंगणात पक्ष्यांसाठी खाद्य टांगण्याची रीत घरोघर आहे. त्या पात्राला फीडर म्हणतात. चिमण्यांच्या जातीच्या पक्ष्यांसाठी त्यात सूर्यफुलाच्या बिया असतात. सुतारांसाठी लागते चरबी. गुराच्या मूत्रपिंडाभोवती जी कठीण चरबी असते ती वितळवून, तिच्यात शेंगदाणे किंवा मका मिसळून तिची वडी पाडतात आणि ती तारेच्या चौकोनी पिंजऱ्यात बसवतात. झाडाच्या सालीखालचे किडे शोधणाऱ्या पक्ष्याला गोठवणाऱ्या थंडीत ही वडी म्हणजे मेजवानी. सुतार झाडावर उभा राहतो तो दोन पाय आणि ताठ शेपटी अशा तीन टेकूंवर. म्हणून मोठ्या सुतारांसाठी पिंजऱ्याखाली शेपटी टेकायला एक फळीही जोडतात.

या अंगणात येणारे सुतार मुख्यतः तीन जातींचे. डाउनी हा सर्वांत लहान, जेमतेम आपल्या चिमणीएवढा. हेअरी हा त्याची मोठी प्रत म्हणावी असा. दोघेही काळेपांढरे, दोघांच्याही नरांच्या मानेमागे तांबडा डाग. नवख्याला दोघांतील फरक कळत नाही. जाणकार चोच पाहतो. हेअरीची चोच जवळ जवळ डोक्याइतकी लांब असते, डाउनीची त्याच्या निम्म्याहूनही आखूड. तिसरा रेड-बेलिड, म्हणजे लाल पोटाचा. पोटावरचा लाल रंग शोधूनही सापडत नाही आणि डोक्यावरचा मात्र दुरूनच दिसतो, तरी नाव पोटावरून! कधी तरी चौथा, पिलिएटेड, येतो. कावळ्याएवढा, लालभडक तुऱ्याचा. तो आला की घरातील सर्वांना हाक मारली जाते.

आता ३२ चित्रांकडे वळू.

तांत्रिक बाजू निर्दोष आहे आणि ती तशी असणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. बर्फावर काळापांढरा पक्षी टिपणे ही कॅमेऱ्याची परीक्षा असते. समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे अशी कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाची समजूत असते. बर्फ दिसला की तो प्रकाश कमी करतो, बर्फ मळका होतो आणि पक्ष्याची काळी पाठ कोळशाच्या गोळ्यासारखी एकजीव दिसते. यंत्राचे न ऐकता प्रकाश वाढवावा लागतो, आणि अंमळ जास्त वाढवला तर पांढरी पिसे धुऊन जातात. आमच्या छायाचित्रकारांनी हा तोल साधला आहे. क्रमांक ९ च्या चित्रात डाउनीच्या पाठीचा पांढरा पट्टा आणि मागचा बर्फ हे दोन पांढरे रंग वेगवेगळे ओळखू येतात. वयाच्या साठीनंतर कॅमेरा हाती घेतलेल्या माणसाचे हे काम आहे, हे ध्यानात ठेवावे.

आणि तरीही ही ३२ चित्रे सलग पाहिली की मन हळूहळू थंड पडत जाते. याचे कारण शोधायला आम्हांला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांतील २१ चित्रांत पक्षी बाजूने दिसतो, चोच डावीकडे, डोळा रेखीव आणि त्या डोळ्यात प्रकाशाचा एक ठिपका. मागची पार्श्वभूमी धूसर, गुळगुळीत. खाली शेवाळलेला ओंडका. पक्षी बदलतो, मांडणी बदलत नाही. पासपोर्टसाठी काढलेले फोटो एकाखाली एक चिकटवावेत तसा हा प्रकार आहे. डोळा रेखीव हवा हा छायाचित्रणातील नियम आम्हांला ठाऊक आहे आणि माणसाच्या बाबतीत तो बरोबरच आहे, कारण माणूस चेहऱ्याने ओळखला जातो. सुतार कशाने ओळखला जातो, हा प्रश्न या २१ चित्रांनी स्वतःला विचारलेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या ३२ चित्रांत फीडर एकदाही दिसत नाही. चरबीची वडी नाही, तारेचा पिंजरा नाही, कुंपण नाही, शेजारच्या घराचे छप्पर नाही. चित्रांखाली ओळी आहेत त्या "अरण्यातील क्षण", "रानाचा सुतार" अशा. वाचकहो, ते अरण्य आम्ही पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्या भागातील आपल्या कुटुंबांना भेटण्यासाठी आम्ही गेलो असता या घरी तीन दिवस मुक्काम होता. तो शेवाळलेला ओंडका तेव्हा गराजमध्ये बर्फ काढायच्या फावड्याशेजारी उभा होता. त्याच्या पाठीमागे गिरमिटाने पाडलेली पाच छिद्रे होती आणि छिद्रांत वाळलेली चरबी. छिद्रे मागे, कॅमेरा पुढे. पक्षी येतो, ओंडक्याच्या कडेला बिलगतो, खातो, आणि चित्रात तो जणू रानात किडे शोधतो आहे असे दिसते. ही युक्ती त्यांची स्वतःची नाही. असे ओंडके छायाचित्रणाच्या हौशी मंडळींत सर्वत्र वापरले जातात, मुलाच्या मित्रांनी त्यांना ती शिकवली.

यात पाप आहे काय? आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो ते अशाच प्रश्नांवर वाद घालीत, म्हणून थोडा अधिकार घेतो. खाद्य ठेवून पक्षी जवळ बोलावण्यात खोटे काही नाही. जॉन जेम्स ऑड्युबॉनने १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध केलेल्या 'द बर्ड्स ऑफ अमेरिका'तील ४३५ चित्रांपैकी पुष्कळ चित्रे आधी गोळी घालून मारलेल्या आणि मग तारांनी हव्या त्या आविर्भावात ताणून धरलेल्या पक्ष्यांवरून केलेली आहेत. त्या मानाने चरबीची पाच छिद्रे म्हणजे संतांचे वर्तन. पण ऑड्युबॉनने आपली पद्धत लपवली नव्हती. तारांची युक्ती त्याने स्वतः लिहून ठेवली. खोटेपणा ओंडक्यात नसून चित्राखालच्या ओळीत आहे. "अरण्यातील क्षण" ही ओळ ज्या क्षणी लिहिली गेली त्या क्षणी एक साधी, खरी आणि आमच्या मते जास्त सुंदर गोष्ट चित्राबाहेर ढकलली गेली. ती अशी, की शून्याखाली पंधरा अंशांच्या थंडीत एक म्हातारा माणूस सकाळी दार उघडून, हातमोजे काढून, बोटे बधिर होत असताना पिंजऱ्यात चरबीची वडी बसवतो आणि आत येऊन वाट पाहतो. पाहुणा दिसतो, यजमान पुसून टाकला आहे. ही ३२ चित्रे थंड वाटतात ती त्यामुळे.

आता खोका.

खोक्यातील चित्रे वरवर पाहता सदोष आहेत. पिंजऱ्याच्या तारा पक्ष्याच्या छातीवरून जातात. काचेवरचे प्रतिबिंब मध्ये येते. एका चित्रात हेअरीच्या पंखावर स्वयंपाकघरातील किटली दिसते. बहुतेक चित्रांत पक्षी पाठमोरा आहे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि दोनचार शब्द आहेत. हे शब्द आम्ही आधी वाचले नाहीत ही आमची चूक. ते वाचले आणि सारे परीक्षण नव्याने लिहावे लागले.

डाउनी आणि हेअरी यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची जी नक्षी असते ती प्रत्येक पक्ष्याची वेगळी असते. नराचा तांबडा डागही कोणाचा अखंड, कोणाचा मध्ये काळ्या रेघेने दुभंगलेला. समोरून आणि बाजूने सारे हेअरी एकसारखे. पाठमोरे झाले की प्रत्येक जण निराळा. आमच्या छायाचित्रकारांच्या हे ध्यानात आले ते कोणत्याही पुस्तकातून नव्हे, चित्रे रोज पाहण्यातून. खोक्यात एका नर हेअरीची चित्रे आहेत, त्याचा तांबडा डाग डावीकडे जाड आणि उजवीकडे नुसता ठिपका. तारखा पाहता तो लागोपाठ दोन हिवाळे आलेला दिसतो. मागे पेन्सिलीने लिहिले आहे: "ठिपकेवाला". एका मादीच्या नक्षीत पांढरी रेघ मध्येच तुटते. तिचे नाव "तुटकी". माद्यांना तांबडा डाग नसतो, म्हणून त्यांना ओळखणे अधिक अवघड. तरी खोक्यात चार माद्या नावानिशी आहेत. ३२ चित्रांत हेअरी नावाची एक जात आहे. खोक्यात "ठिपकेवाला" आहे.

सुतार कशाने ओळखला जातो या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले होते आणि ते टाकाऊ ठरवले होते. याला आम्ही टीकाकाराच्या भाषेत रुचीचा दोष म्हणू. चांगले चित्र कसे असते हे त्यांनी दुसऱ्यांकडून ऐकले, आणि स्वतःच्या डोळ्यांवरील विश्वास सोडला. आपल्या समाजातील लिहिणाऱ्यांतही हा दोष आम्हांला फार दिसतो. घरच्या बोलीत जिवंत गोष्ट सांगणारा माणूस हातात लेखणी आली की छापील वाक्ये लिहू लागतो. पण तो विषय वेगळा.

याच ओंटारिओत १९७६ साली फीडरवरील पक्ष्यांची पाहणी सुरू झाली. साधी माणसे आपल्या अंगणात दिसलेले पक्षी मोजून कळवू लागली. १९८७ पासून ती साऱ्या उत्तर अमेरिकेत होते आणि तिला प्रोजेक्ट फीडरवॉच म्हणतात. तिचा एक नियम आम्हांला फार आवडतो. दिवसभरात डाउनी दहा वेळा दिसला तरी दहा लिहायचे नाहीत; एका नजरेत एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले तेवढाच आकडा लिहायचा. कारण तोच पक्षी पुन्हा पुन्हा येत असेल, आणि पाहणाऱ्याला तो ओळखू येत नसेल. आपल्या पाहण्याची मर्यादा मान्य करणारा हा नियम. आमच्या छायाचित्रकारांचा खोका या नियमाच्या एक पाऊल पुढे गेला आहे, आणि ते त्यांना माहीत नाही.

खोक्यातील एका चित्रावर थोडे थांबले पाहिजे. दिवस अंधारलेला असावा, त्यामुळे कॅमेऱ्याचा पडदा नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडा राहिला. हेअरी खांबावर ठोकतो आहे. पाय रेखीव, शेपटी रेखीव, पाठीचा पांढरा पट्टा रेखीव. आणि मानेच्या वर काही नाही, नुसता काळापांढरा धूर. एक ढलपी हवेत. मागे पेन्सिलीने लिहिले आहे, "बिघडले". आमच्या मते चारशे चित्रांत हे सर्वश्रेष्ठ आहे. बाकीच्या चित्रांत सुतार बसलेला दिसतो; या एकाच चित्रात तो सुतारकी करताना दिसतो. शरीर ऐरण झाले आहे, डोके हातोडा.

आणि येथे आम्हांला एक कबुली द्यावी लागते. सुताराच्या डोक्यात धक्का शोषणारी एक गादी देवाने ठेवली आहे, म्हणून त्याचा मेंदू सुखरूप राहतो, असा दाखला आम्ही उपवासकाळातील प्रवचनात एकदा नव्हे, तीनदा दिला आहे. २०२२ साली बेल्जियममधील संशोधकांनी तीन जातींच्या सुतारांचे अतिवेगवान चित्रण करून पाहिले, तेव्हा गादीबिदी काही नसल्याचे दिसून आले. कवटी ताठ हातोड्यासारखीच वागते; गादी असती तर घावच वाया गेला असता. मेंदू सुखरूप राहतो तो लहान असल्यामुळे. त्या "बिघडलेल्या" चित्रात हेच उघड दिसते आहे. चोच, डोके आणि मान एका रेषेत धूर होऊन गेली आहेत, मध्ये कुठे लवचिकपणा नाही. हे चित्र आधी पाहिले असते तर निदान तिसरे प्रवचन वाचले असते.

छायाचित्र सुंदर असावे की साक्ष देणारे असावे, हा प्रश्न सुतारांच्या बाबतीत नुसता रसिकांचा नाही. अमेरिकेत आयव्हरी-बिल्ड, म्हणजे हस्तिदंती चोचीचा, नावाचा एक भव्य सुतार होता. ऑड्युबॉनने त्याचे जे चित्र केले ते पुस्तकातील ६६ वे. झाडोरा तुटत गेला तसा तो नाहीसा होत गेला. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ॲलन आपल्या साथीदारांसह लुइझियाना राज्यातील सिंगर ट्रॅक्ट या अरण्यात गेले. आपल्या आयांनी ज्या यंत्रांवर आमची कपडे शिवली त्या सिंगर शिलाई यंत्राच्या कंपनीच्या मालकीचे ते सुमारे ८० हजार एकरांचे रान. तेथे त्यांना घरट्यावरची जोडी सापडली. त्यांनी तिची छायाचित्रे घेतली, चलच्चित्र घेतले, आवाजही मुद्रित केला. १९३८ च्या मार्चमध्ये त्यांचा शिष्य जेम्स टॅनर याने घरट्यातील पिलाला खूणकडी घातली. ते पिलू त्याच्या वाटाड्याच्या हातावर, बाहीवर चढले आणि शेवटी टोपीवर जाऊन बसले. टॅनरने ती सारी चित्रे टिपली.

आमच्या प्रदर्शनाच्या नियमांत ती चित्रे बसली नसती. माणसाचा हात मध्ये आहे, टोपी मध्ये आहे, पार्श्वभूमी गुळगुळीत नाही. पण त्या अरण्याचे तोडीचे हक्क विकले गेले, महायुद्धाच्या काळात ते तोडले गेले, आणि एप्रिल १९४४ मध्ये डॉन एकेलबेरी या चित्रकाराने तेथे उरलेल्या एकाकी मादीची रेखाटने केली. सर्वमान्य असे ते शेवटचे दर्शन. पुढे २००४ साली आर्कान्सा राज्यातील दलदलीत हा पक्षी पुन्हा दिसल्याचे काही जणांनी सांगितले. पुरावा म्हणून अवघ्या चार सेकंदांचे, अस्पष्ट, हललेले चलच्चित्र पुढे आले. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यावर लेख छापला गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या जाणकारांनी हा साधा पिलिएटेड आहे असे म्हटले. वाद मिटलेला नाही. अमेरिकेच्या सरकारने २०२१ मध्ये हा पक्षी नामशेष ठरवण्याचा प्रस्ताव मांडला, आणि २०२३ मध्ये २१ जाती नामशेष म्हणून यादीतून काढल्या, तेव्हा याच्याबाबतचा निर्णय मात्र राखून ठेवला. टोपीवर बसलेल्या त्या पिलाच्या चित्रावर कोणी शंका घेत नाही. ज्या टोपीमुळे ते चित्र प्रदर्शनातून बाद झाले असते, तीच टोपी साक्षीदार आहे.

आता तारखांकडे येतो. खरे परीक्षण येथे सुरू होते, आणि येथे लिहिताना आमचा हात जरा अडखळतो.

३२ पैकी एकही चित्र तिसऱ्या किंवा चौथ्या हिवाळ्यातील नाही. खोक्यातील पाठमोऱ्या चित्रांपैकी एकही पहिल्या दोन हिवाळ्यांतील नाही. मध्ये एक चित्र आहे, दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटचे, मार्चमधले. त्यात पक्षी नाही. खिडकीची काच आहे आणि काचेवर पिसांच्या धुळीने उमटलेला पंखांचा ठसा. दोन्ही पंख पसरलेले, मध्ये छातीचा गोल. मागे पेन्सिलीने काहीच लिहिलेले नाही.

काचेवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या एकट्या अमेरिकेत वर्षाला ३६ कोटी ते ९९ कोटींच्या दरम्यान असावी, असा अंदाज २०१४ साली मांडला गेला. काचेत आकाश आणि झाडे दिसतात. पक्षी तिकडे झेपावतो. फीडर काचेपासून हातभर, म्हणजे मीटरभराच्या आत असेल तर उडालेल्या पक्ष्याला वेगच येत नाही आणि तो आपटला तरी वाचतो. फीडर फार दूर, नऊ-दहा मीटरपलीकडे असेल तरी धोका कमी. मधले अंतर घातक. आणि लांब पल्ल्याच्या भिंगाला नेमके मधलेच अंतर लागते. पार्श्वभूमी गुळगुळीत हवी, पक्षी चौकटभर हवा, तर ओंडका खिडकीपासून चारपाच मीटरवर उभा करावा लागतो. त्यांनी तो तेथेच उभा केला होता.

आम्ही त्यांना विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की ती डाउनीची मादी होती. नातू शाळेतून आल्यावर त्याने ती पायरीवर उचलून घेतली, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी ओंडका गराजमध्ये नेऊन ठेवला. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी खिडकीपासून हातभर अंतरावर एक खांब रोवला आणि पिंजरा घराकडील बाजूला ठोकला. लांब भिंग तेथे चालेना, म्हणून मुलाचे साधे भिंग काचेला टेकवून चित्रे घेऊ लागले. पक्षी घराकडच्या बाजूला बिलगतो तेव्हा त्याची पाठ आपल्याकडे येते. पिंजरा चित्रात आला, काच आली, किटली आली आणि पाठमोरे डोके आले. चित्रे बिघडली, असे त्यांना वाटले. "ठिपकेवाला" आणि "तुटकी" त्या बिघडण्यातून आल्या आहेत.

फेब्रुवारीत त्या खिडकीशी आम्ही सकाळी चहाचा पेला घेऊन बसलो होतो तेव्हा यातले काहीच आम्हांला ठाऊक नव्हते. एक हेअरी पिंजऱ्याला लटकला होता. इतका जवळ की चोच तारेवर घासल्याचा आवाज काचेतून येत होता. आमच्या घरच्या वाडीत सोनेरी पाठीचा सुतार नारळाच्या झाडावर चढतो तो नेहमी खोडाच्या पलीकडच्या बाजूने. आपण इकडे आलो की तो तिकडे, आणि मग खदखदून हसल्यासारखे ओरडत उडून जातो. पन्नाशी उलटेपर्यंत सुताराची मान इतक्या जवळून आम्ही पाहिली नव्हती. यजमान म्हणाले, "हा आपला नेहमीचा." आम्हांला तो विनोद वाटला.

आपल्याकडे अशी चित्रे का नाहीत, असे प्रदर्शनात कोणी तरी विचारले होते. मराठ्यांचे नाव धारण करणारा एक सुतार आहे, पिवळ्या कपाळाचा. १८०१ साली लॅदमने त्याच्या शास्त्रीय नावात 'महरॅटेन्सिस' हा शब्द घातला. त्याचे चित्र आमच्या समाजातील कोणी घेतल्याचे आम्हांला ठाऊक नाही. गोव्याच्या सीमेपलीकडे गणेशगुडीला पक्ष्यांसाठी पाण्याची पात्रे ठेवली आहेत आणि तेथे छायाचित्रकारांची गर्दी असते. तेथली चित्रेही आम्ही पाहिली. सुंदर आहेत, आणि पात्र मात्र त्यांतही क्वचितच दिसते.

तर पुस्तकाविषयी आमची सूचना अशी. ३२ पैकी ११ ठेवावीत, क्रमांक ९ त्यांत असावाच. चित्रांखालच्या ओळी काढून टाकाव्यात आणि त्या जागी स्थळ, तारीख आणि चरबी लावलेला ओंडका एवढे लिहावे. खोक्यातील ४० घ्यावीत, मागच्या पेन्सिलीच्या शब्दांसह, "बिघडले" हा शब्दही तसाच छापावा. शक्य झाल्यास ओंडक्याचे मागून घेतलेले एक चित्र असावे, छिद्रे दिसतील असे.

हे त्यांनी पुष्कळसे मान्य केले. मुखपृष्ठावर मात्र त्यांना तो तुऱ्याचा पिलिएटेडच हवा आहे, बाजूने, डोळ्यात ठिपक्यासह. मुखपृष्ठासाठी आम्ही वाद घालत नाही. लोक पुस्तक उचलतील ते त्यामुळेच.

काचेवरच्या ठशाचे चित्र घ्यावे असे आम्ही सुचवले. ते आल्याशिवाय वाचकाला पहिली अकरा आणि नंतरची चाळीस यांचा संबंध कळणार नाही, असे आमचे मत आहे आणि ते अजून बदललेले नाही. त्यांचे म्हणणे असे की ते चित्र त्यांनी पुस्तकासाठी काढले नव्हते, आणि नातू आता वाचायला शिकला आहे. या महिन्याच्या अखेरीस ते पुन्हा जाणार आहेत. खोका आमच्याकडे आहे. ते एक चित्र तेवढे ते परवा येऊन घेऊन गेले.